गुल्हाने मॅडम पात्र ठरतात

गुल्हाने मॅडमचा आवाज असा होता, की आठवी 'ब'मध्ये त्यांनी धडा वाचायला घेतला की शेजारच्या वर्गात माझं त्रैराशिक बंद पडायचं. मी गणिताचा मास्तर. मधे विटांची एक भिंत, तीही वरून हातभर उघडी, कारण बांधकामाच्या वेळी संस्थेच्या विटा संपल्या आणि नंतर हौस. त्यामुळे अकोल्याच्या त्या शाळेत मी इतकी वर्षं गणित शिकवलं आणि इंग्रजी ऐकलं. माझं इंग्रजी आज जे काही बरं आहे ते त्या भिंतीवरून आलेलं आहे. माझं गणित मात्र उलट दिशेला कधी गेलं नाही, असं मॅडम म्हणायच्या, कारण त्यांच्या पोरांची गणितं तशीच चुकत होती.

बुटक्या, काटक बाई. साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि अंबाड्यात खडू. खडू लागला की हात मागं जायचा आणि तलवार उपसावी तसा खडू बाहेर यायचा. चहा बशीतून प्यायच्या, तोही स्टाफरूमला ऐकू जाईल असा. पुण्याहून बदलून आलेल्या एका बाईंनी एकदा 'असा आवाज करू नये' म्हणून सुचवलं. मॅडम म्हणाल्या, "चहाले समजलं पायजे न व बाई, की कोणी पेऊन राह्यलं." त्या बाई पुढं चहाच सोडून बसल्या.

इंग्रजी शिकवायच्या त्या वऱ्हाडीतून. वर्गात ऐकू यायचं, "आता हे पाहा पोट्टेहो. रामा शाळेत जाऊन राह्यला. जाऊन राह्यला म्हंजे पोचला नाई. रस्त्यात आहे लेकाचा. बोरं वेचून राह्यला असंन." काळ, काम, कर्ता सगळं त्यांनी याच गाडीत भरून पोरांच्या डोक्यात उतरवलं होतं. कोणी गप्प बसलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "चुकलं तं चुकलं, पण तोंड उघड न बापा. मी काय दातं मोजून राह्यली तुहे?" शिक्षणाधिकाऱ्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांशी त्या याच भाषेत बोलत. मला तर नावानं हाक मारल्याचं आठवतच नाही. मी 'गणित्या'.

या बाईच्या मनात एक सल होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. एकदा मधल्या सुट्टीत भाकर मोडता मोडता म्हणाल्या, "गणित्या, तुह्या गणितानं तू बाजारात हिशोब तरी करतं. माह्या इंग्रजीनं म्या काय केलं? साऱ्या जिंदगीत असा एक माणूस नाई भेटला, का ज्याच्याशी इंग्रजीबिगर माह्यं अडलं. माह्यं इंग्रजी खरं आहे का खोटं, हेच मले मालूम नाई."

मी म्हटलं, "मॅडम, तुमचे विद्यार्थी पास होतात की."

"पास तं तुह्येई होतात," त्या म्हणाल्या.

तसा एक माणूस भेटला होता, पण त्यानं घात केला. अकोल्याच्या फलाटावर एक उंच, गोरापान, दाढीवाला परदेशी पाठीवर बोचकं घेऊन भांबावून उभा होता. मॅडमनी त्याला पाहिलं आणि अंबाड्यावर हात फिरवून धावतच निघाल्या. मी मागं पिशवी सांभाळत. जवळ जाऊन त्यांनी आयुष्यभर पाठ केलेलं वाक्य टाकलं, "मे आय हेल्प यू, सर?" त्या माणसाचा चेहरा उजळला. दोन्ही हात जोडून म्हणाला, "फार उपकार होतील ताई. शेगावची गाडी कुठं लागते?" कुठल्याशा आश्रमात अर्धं आयुष्य काढलेला माणूस तो. माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलत होता. मॅडमनी त्याला फलाट दाखवला, आणि परत येताना म्हणाल्या, "मेला आपल्या भाषेत बोलाले भेत नाई, आन मी त्याच्या भाषेत बोलाले मरून राह्यली." 

तर अशा बाईंना एके दिवशी मोबाईलवर ती जाहिरात सापडली. कुठल्याशा परदेशी संस्थेला अनुभवी इंग्रजी शिक्षक हवे होते. तीन महिन्यांसाठी मंगोलियात जायचं, तिथल्या शिक्षकांना शिकवायचं आणि परत यायचं. मॅडमनी चष्मा लावून अटी मोठ्यानं वाचायला घेतल्या, आणि मधल्या सुट्टीत भाष्यासकट त्या आम्ही ऐकल्या.

पदवी आणि शिक्षणशास्त्राची परीक्षा पाहिजे. "आहे." सध्या नोकरीत असावा. "मंग इथं काय माशा मारून राह्यली?" गैरसोयीच्या परिस्थितीत काम केल्याचा अनुभव असावा. यावर मॅडमनी चष्मा काढला आणि पंखा, पत्रे, अर्धी भिंत आणि शेवटी माझ्याकडं बोट दाखवलं. "हे पाय. हे सारं लिहून देतो." कडाक्याची थंडी सहन करण्याची तयारी असावी. "बापा, अकोल्याच्या मे महिन्यात जो जित्ता राह्यला त्याले थंडी काय करते?" भूगोलाच्या सरांनी सांगितलं, की ऊन सोसणं आणि थंडी सोसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आपलं काम ओळखणाऱ्या दोन माणसांची शिफारस पाहिजे होती, आणि ती माणसं नातेवाईक किंवा विद्यार्थी नसावीत. इथं मात्र गाडी अडली. मॅडमचं माहेर वलगाव, सासर अंजनगाव सुर्जी, नोकरी अकोल्यात. अमरावती ते अकोला पट्ट्यात जो कोणी भेटे तो एक तर भाचेजावई निघे, नाही तर विद्यार्थी. शेवटी एक मी, आणि दुसरे शाळेसमोरच्या कॉलेजातले निवृत्त प्राचार्य, जे मूळचे कोकणातले असल्यामुळं आपोआप सुटले.

तब्येतीचा दाखला आणायला त्या ज्या डॉक्टरकडं गेल्या तोही त्यांचाच विद्यार्थी. आठवीत त्याला त्यांनी आठवडाभर बाकावर उभं केलं होतं. त्यानं रक्तदाबाचा पट्टा बांधला तो उलटा. मॅडम म्हणाल्या, "घाबरू नको रे, या वक्ताले मी तुह्या बाकावर आहे." पोरानं पहिल्यांदा मॅडमचा आणि मग गुपचूप स्वतःचा रक्तदाब मोजला. मॅडमचा बरा होता.

राहिली शाळेच्या संस्थेची ना हरकत. ती आमच्या हेडमास्तरांकडून जायची होती. हेडमास्तर मोहोड सर म्हणजे बेलचा माणूस. बेल झाली की उठायचं, बेल झाली की बसायचं. तोंडात घास असला तरी बेलला मान. त्यांनी विचारलं, "मॅडम, तुम्ही गेल्यावर आठवी 'ब' कोण पाहीन?" सगळा स्टाफ माझ्याकडं पाहायला लागला. भिंत अर्धीच असल्याचा तोटा मला त्या दिवशी कळला.

अर्ज गेला. महिनाभरानं उत्तर आलं, की आपण अटींनुसार पात्र आहात, पुढची पायरी म्हणजे एक पाठ घेऊन दाखवणं. पाठ त्यांची बाई तिकडून व्हिडिओ कॉलवर पाहणार आणि मग निवड ठरणार. म्हणजे अजून काहीच झालं नव्हतं. परीक्षेला बसायला परवानगी मिळाली होती, एवढंच.

पण आमच्या वऱ्हाडात सत्काराला दम नसतो. लग्न ठरायच्या आधी बारशाचे पेढे खाणारी माणसं आम्ही. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेजवळच्या चौकात भलामोठा फ्लेक्स लागला. 'मॅडमची परदेशात गगनभरारी! हार्दिक अभिनंदन!' कोपऱ्यात एक विमान, मधोमध मॅडमचा आधार कार्डावरचा फोटो आणि त्याच्या दुप्पट आकाराचा, हात जोडलेला, गॉगल लावलेला, त्यांचाच एक जुना विद्यार्थी. तो आता युवा नेता होता. खाली शुभेच्छुकांच्या टिकलीएवढ्या फोटोंच्या तीन रांगा. त्यात मोहोड सर होते. मीही होतो, आणि माझा फोटो त्यांना कुठून मिळाला हे मला आजवर कळलेलं नाही.

मॅडम फ्लेक्सखाली उभ्या राहिल्या आणि कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "परदेशात थो चालला का मी?" त्यांनी युवा नेत्याला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, तुमची निवड तं होणारच आहे, मग आधीच काहून नाई लावाचा?" त्याच दिवशी शाळेत शाल आणि नारळ झाला. भाजीवाली विचारायला लागली, "कधी निघता?" दूधवाल्यानं सांगून टाकलं, "पुढल्या महिन्यापासून अर्धा लिटर कमी करतो."

मॅडम वरवर हसत होत्या. पण एका दुपारी, वह्या तपासता तपासता, त्यांचा पेन थांबला. "गणित्या, नाई झालं न, तं लोकं हसतीन. हसू दे. हसणाऱ्याचे दातं दिसतात, माह्यं काय जाते? पण दोन वर्षांत मी रिटायर. मंग कोण इचारते? मंग माह्यं इंग्रजी खरं होतं का खोटं, हे मले मरेपर्यंत समजणार नाई." असं त्यांचं बोलणं मी कधी ऐकलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि मी उगाच म्हटलं, "होईल हो मॅडम."

आता पाठ. तो साधा झाला असता, तर हे सगळं सांगायची वेळच आली नसती. पण मोहोड सरांनी तो ताब्यात घेतला. त्यांच्या लेखी कोणी वर्ग पाहायला येणं म्हणजे शाळा तपासणी, आणि तपासणी म्हणजे काय करायचं असतं हे जिल्ह्यातल्या कोणत्याही हेडमास्तरला झोपेतून उठवून विचारा. धडा आधीच पक्का करायचा. प्रश्न ठरलेले, उत्तरं ठरलेली, कोणत्या उत्तराला कोणी उठायचं तेही ठरलेलं. मॅडमनी विरोध केला. सर म्हणाले, "मॅडम, हा शाळेच्या इज्जतीचा सवाल आहे. चौकात फ्लेक्स लागला आहे." आणि मॅडम, ज्यांनी शिक्षणाधिकाऱ्याचंही कधी ऐकलं नाही, त्या गप्प बसल्या. त्या भ्यालेल्या होत्या, दुसरं काय.

धडा होता हरवलेल्या बकरीचा. सरांनी स्वतः तालीम घेतली. भिंतीवरून मी रोज ऐकत होतो. शेवटी शेवटी माझ्या वर्गातली पोरंसुद्धा बकरीची उत्तरं द्यायला लागली.

पाठाच्या दिवशी लॅपटॉप टेबलावर ठेवला. तो धरून राहायचं काम माझ्याकडं. पडद्यावर पिकल्या केसांची, शांत चेहऱ्याची एक गोरी बाई. मोहोड सर कॅमेऱ्याच्या बाहेर दाराशी उभे, निवृत्त प्राचार्यांकडून मागून आणलेला टाय घालून.

मॅडमनी पहिला प्रश्न विचारला. उत्तर आलं, खणखणीत. दुसरा विचारायला तोंड उघडलं, तर प्रश्न अर्धा असतानाच पोरगं उठलं आणि उत्तर देऊन बसलं. तिसऱ्याला मॅडमनी नुसता श्वास घेतला, तरी उत्तर आलं. चौथ्याला त्यांनी श्वासही घेतला नव्हता. पडद्यावरच्या बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी गोड आवाजात विचारलं, मी एका मुलीला काही विचारू का? आणि शेवटच्या बाकावरच्या चांदणीला इंग्रजीत विचारलं, बाळ, आज सकाळी तू काय खाल्लंस?

चांदणीला पाचव्या प्रश्नाचं उत्तर नेमून दिलेलं होतं. ती ताठ उभी राहिली आणि शाळा दणाणेल अशा आवाजात म्हणाली, "बिकॉज द गोट वॉज हंग्री, मॅडम!"

आणि पाचव्या उत्तरानंतर टाळ्या वाजवायच्या हेही ठरलेलं होतं. आख्ख्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

पडद्यावरची बाई टाळ्या संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, की वर्ग फार हुशार आहे, पण यांना सगळं आधीच येतं. एखाद्याला काही येत नाही आणि ते त्याला येऊ लागतं, ते मला पाहायचं होतं. असं काही न येणारं मूल वर्गात आहे का?

मोहोड सरांना तेवढं इंग्रजी समजलं. ते दारातून पुढं झाले आणि अभिमानानं म्हणाले, "नो मॅडम! नॉट वन! आमच्या शाळेत असं एकही पोरगं नाही!"

मी डोळे मिटून घेतले. संपलं सगळं. उघडले तेव्हा मॅडमचा हात अंबाड्याकडं गेला होता. खडू बाहेर आला. तो त्यांनी न बघताच सरळ खिडकीबाहेर फेकला आणि म्हणाल्या, "मोहोड सर, तुमी बाहेर व्हा बरं जरासक."

"मॅडम, पण..."

"बाहेर व्हा म्हटलं न." सर बाहेर झाले. टायसकट.

मॅडमनी माझ्या हातातला लॅपटॉप पोरांकडं फिरवला. "पाहा रे. ही बाई. हिले मराठी येत नाई, हिंदी येत नाई. हिच्या घरी काय आहे, काय नाई, हे मलेई मालूम नाई, पुस्तकातई नाई. पायजे असंन तं तिले इचारा. तिच्या भाषेत इचारा. मी एक शबुद सांगणार नाई." आणि त्या खुर्चीत बसल्या. हाताची घडी घालून.

वर्गात असा सन्नाटा, की मला माझ्याच वर्गातली मारामारी ऐकू आली. मग पहिल्या बाकावरचा एक उठला, म्हणाला, "यू... यू... बर्फ?" सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत. पडद्यावरची बाईही नाही, ती कान देऊन बसली. त्या पोरानं डोळे मिटले, दोन्ही हातांनी वरून काहीतरी पाडून दाखवलं, आणि कुठून कोण जाणे, शब्द सापडला. बाई म्हणाली, हो, खूप पडतो, आणि कॅमेरा खिडकीकडं नेऊन दाखवला. त्यानंतर बांध फुटला. घरात कुत्रं आहे का, नवरा रागावतो का, तुमचा पगार किती. मोडकं, तोडकं, उलटं, सुलटं. मॅडम मधूनच एखाद्याला डोळ्यांनी उठवायच्या, एखाद्याला 'हळू' म्हणायच्या, बस्स. शेवटी चांदणी उठली. लाल झालेली होती. म्हणाली, "अँड यू? यू व्हॉट ईट? मॉर्निंग?"

बाईनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लाईट गेली. शाळेचा वायफाय गेला. पडदा काळा.

परत लागेपर्यंत तासाची वेळ संपली होती. बाईनं त्या सकाळी काय खाल्लं, पाठ कसा वाटला, काही कळलं नाही. दाराशी मोहोड सर टाय सोडत म्हणाले, "गेलं. शाळेची इज्जत गेली." मॅडम बूट झटकत म्हणाल्या, "जाऊ द्या. पोट्ट्यांचं तोंड तं उघडलं." पण त्या दिवशी त्यांनी चहा आवाज न करता प्यायला.

बरेच दिवस काही आलं नाही. फ्लेक्स चौकात तसाच, उन्हानं मॅडमचा फोटो उडाला, युवा नेता मात्र टिकून राहिला. आणि मग एका सकाळी निवडीचं पत्र आलं. मॅडम मोबाईल धरून स्टाफरूममध्ये आल्या, मला वाचायला दिला, आणि मी वाचत असताना माझं मनगट इतकं घट्ट धरून ठेवलं की वळ उठले. मोहोड सरांनी पेढे आणले. "मी म्हटलं होतं न," ते सगळ्यांना सांगत फिरले, "तालीम पायजे!"

मॅडम गेल्या. सोबत ज्वारीचं पीठ, ठेचा, आणि घरातले सगळे स्वेटर. पुढं परत आल्या, रिटायर झाल्या, आता अंजनगावला असतात आणि त्यांची वर्षानुवर्षं गाठ पडत नाही. पण आठवण आली की मला त्या दिसतात त्या तिथून केलेल्या एका कॉलवर.

मधली सुट्टी होती. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला, सगळा स्टाफ भोवती. पडद्यावर मॅडम, साडीवर जाडजूड कोट, कान झाकणारी केसाळ टोपी, नाक लालभडक. मागं तिथले शिक्षक आठ-दहा, चहाचे कप घेऊन. "भल्ली थंडी आहे व माय," मॅडम म्हणाल्या, "तुमच्या भूगोलाच्या सरले सांगा, थो बराबर बोलत होता."

मोहोड सर खाकरले. "मॅडम, इंग्रजी समजून राह्यलं का त्या लोकांना?"

मॅडमनी टोपी मागं सारली. मग म्हणाल्या, "कामाचं समजते. पुस्तक उघडा, पान पलटा, थे तं कोणालेई समजते." त्यांनी मान वळवून मागं पाहिलं. "थांबा. पाहातो."

त्या आमच्याकडं पाठ करून त्या लोकांकडं वळल्या आणि सांगायला लागल्या. काय सांगत होत्या ते आवाजावरून लागलीच लक्षात आलं. त्यांनी छाती पुढं काढली, गळ्याशी नसलेला टाय नीट केला आणि दाराशी उभ्या राहिल्या. मग शेवटच्या बाकावर जाऊन चांदणी झाल्या. एक आडदांड माणूस टेबलावर थापा मारायला लागला. एका बाईचा चहा सांडला. दुसरी डोळे पुसत, हात हलवत, 'पुरे पुरे' करत होती. आख्खी खोली हसत होती.

मोहोड सरांनी मला विचारलं, "काहून हसून राह्यले ते?"

"तुमच्यावर, सर," मी म्हटलं.

सर खुर्ची पुढं ओढून पडद्याकडं पाहायला लागले. मग हळूच म्हणाले, "म्हणजे सगळं समजलं त्यांना."

मॅडम वळल्या. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या आणि त्या पुसतही नव्हत्या. "पायलं का रे गणित्या? समजलं त्याइले. बकरी समजली, मोहोड सर समजले, सारं समजलं. एक शबुद मराठीचा नाई वापरला म्या." तेवढ्यात मागून कोणीतरी त्यांना काही विचारलं, त्या "वेट, वेट" म्हणत तिकडं वळल्या, आणि आम्हाला विसरल्या. फोन चालूच. आम्हाला दिसत होती त्यांची पाठ, ती केसाळ टोपी आणि हवेत फिरणारे हात, आणि ऐकू येत होतं भराभर बोललं जाणारं इंग्रजी, जे आमच्यापैकी निम्म्यांना कळतही नव्हतं.

बेल झाली. आम्ही सगळ्यांनी मोहोड सरांकडं पाहिलं. सर उठले नाहीत.